भरली मडकी, सुकली रोपं

१

झेंडावंदनाला दोन दिवस उरले असताना माळसांगवीच्या शाळेमागची सात रोपं मेलेली सापडली.

आठवडाभर ती माना टाकत होती, पण थंडीनं असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या सकाळी व्यंकट गुरुजींनी एका लिंबाची फांदी सहज वाकवली आणि ती कट्कन मोडली. आत हिरवं काही नव्हतं. गुरुजींनी बुडाशी पुरलेल्या मडक्यावरचं खापर उचललं. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

पाणी वीतभर अंतरावर, आणि झाड तहानेनं मेलेलं. सातही ठिकाणी तेच.

मला बोलावणं आलं तेव्हा मी चावडीशेजारची वाचनालयाची खोली झाडत होतो. याच शाळेतून निवृत्त झाल्यावर ती खोली सांभाळतो. कपाटात रहस्यकथा बऱ्याच आहेत आणि त्या मी सगळ्या वाचल्या आहेत, एवढ्यावर गावानं माझ्याबद्दल एक समज करून घेतला आहे. तो बरोबर आहे असं मला कधी वाटलं नाही. पण निरोप घेऊन आलेलं पोर दारातून हलेना, म्हणून चप्पल घातली.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरींत दगड दिसत होते, टँकर एक दिवसाआड यायचा. अशात शाळेच्या बालसभेनं बाग लावायचं ठरवलं होतं. ठरवलं पोरांनीच, गुरुजींनी फक्त हो म्हटलं. लिंब, चिंच, करंज यांची रोपं, एकेका पोराच्या नावाची पाटी, आणि प्रत्येक रोपाशेजारी मातीचं कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. कोऱ्या मडक्यातून पाणी झिरपतं, मुळं तेवढंच पितात, थेंब वाया जात नाही. फाटकावर पोरांनीच खडूनं लिहिलं होतं, 'तांब्याभर पाणी आणा, मग आत या.' तोंड धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, कसलंही चालायचं. मास्तर असो की सरपंच, रिकाम्या हातानं प्रवेश नाही.

आमचा लातूर जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती. जिल्ह्याचे साहेब झेंडावंदनाला येणार होते. या दुष्काळात पोरांनी खरोखर बाग जगवली असेल, तर शाळेच्या अंगणात हातपंप मिळणार होता. शाळेचा म्हणजे सगळ्या गावाचाच.

"कोणी मारली असतील हो अण्णा?" व्यंकट गुरुजी म्हणाले. चांगला तरुण मास्तर; मोडलेली फांदी अजून त्यांच्या हातातच होती.

माझ्याआधीच उत्तर आलं. फाटकातून सरपंच हणमंतराव आत येत होते. हातात तांब्या नव्हता.

"कोणी मारली ते झाडांवरच लिवलंय की, गुरुजी. पाट्या वाचा."

२

आम्ही पाट्या वाचल्या.

मेलेली रोपं एका ओळीत नव्हती. इथं एक, तिथं एक, मधली हिरवीगार. पण सातही पाट्यांवरची नावं वरच्या आळीतल्या पोरांची होती. वरच्या आळीची आणखी काही रोपं जगली होती. बौद्धवाड्यातल्या पोरांचं मात्र एकही मेलं नव्हतं.

"आता सांगा, पाणी घालतं कोण?" हणमंतराव म्हणाले.

ते सगळ्यांना माहीत होतं. चौथीतली सिंधु सोनकांबळे. बालसभेनं मतं टाकून तिला पाणीमंत्री केलं होतं. फाटकावर जमलेलं पाणी ती स्वतः मडक्यांत भरायची आणि तिच्या परवानगीशिवाय बागेतलं खुरपंही हलत नव्हतं.

"आपल्यावाल्यांची जगवली अन् आमची मारली. उद्या बालसभा हाय न्हवं? पोरीला काढून टाका. साहेबाला म्या काय तोंड दाखवू?" मग माझ्याकडं वळून जरा नरमाईनं म्हणाले, "अण्णा, तुमी तर येळवशीला आमच्या रानात होता. बाहेरगावचे पाव्हणे दोन जीपा भरून आल्ते. आंबील पिऊन म्हणले, इतकी गार आंबील बापजन्मी प्यालो न्हाई. आमच्या गावचं नाव व्हायला लागलंय, अन् ही पोरगी बघा."

आंबील गार होती हे खरं. त्या सणाला मीही तीन वाट्या प्यालो होतो.

सिंधु भिंतीला टेकून उभी होती. तिची आई नागुबाई हमीच्या कामावर खडी फोडायला निघालेली; गलका ऐकून वाटेतूनच परतली होती. ती हणमंतरावांशी नाही, गुरुजींशी बोलली.

"गुरुजी, ठपका घेऊन माझी पोरगी साळंत येणार न्हाई. उद्या तुमी तिला काढलं तर परवापासनं माझ्यासंगं खडी फोडंल. तिथं निदान कोणी झाडं मोजत न्हाई."

आणि ती निघून गेली.

मी सिंधुजवळ जाऊन बसलो. लहान पोरांशी बोलताना मला काय विचारावं ते नेहमी उशिरा सुचतं.

"तू मडकी भरत होतीस ना?"

"भरायला रिकामी कुठं हायती?" ती तडकून म्हणाली. "ही सात पितच न्हाईत. बाकीची रोज तांब्या तांब्या पितात. ह्यांच्यात घालायला गेलं की वर सांडतंय."

"कधीपासून?"

"येळवशीपासनं."

"मग गुरुजींना सांगायचं की गं."

"सांगितलं. ते म्हणले, थंडी हाय, पाणी कमी लागतंय, चांगलंच झालं."

व्यंकट गुरुजी दुसरीकडं बघू लागले.

जिला झाडं मारायची आहेत ती मडकी रिकामी ठेवील, की मडकी पीत नाहीत म्हणून मास्तरांना सांगत सुटेल? मला एवढं दिसत होतं. पण एवढ्यावर हणमंतराव गप्प बसणार नव्हते, आणि बालसभेला मधे एकच रात्र होती.

३

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. घरंच्या घरं कुलूप लावून रानात जातात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगडांना चुना फासून पांडव मांडायचे, चुन्या-कावेच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या नव्या मडक्यातली आंबील त्यांच्यापुढं ठेवायची, मग येईल त्याला जेवू घालायचं. त्या दिवशी आणि आदल्या दुपारपासून गावात माणूस सापडत नाही. बागेत कोणी काही केलं असेल तर तेव्हाच.

बागेला लागून पंढरीचं रान आहे. बाग झाल्यापासून त्याची गाडीवाट बंद पडली आणि तो पोरांवर धुसफुसत होता. मी भीतभीतच विचारलं.

"अण्णा, मला झाडं मारायची असती तर बैल सोडले असते की आत," तो म्हणाला. "शेजारी भरलेलं मडकं ठिवून झाड तहानेनं मारायचं, इतकी अक्कल मला असती तर मी बी तुमच्यासारखा पुस्तकं वाचत बसलो असतो. अन् त्यात माझ्या नातवाचं बी झाड गेलंय. सकाळपासनं जेवला न्हाई त्यो."

मला ते पटलं. पुस्तकांचं बोलणं सोडून.

शाळेसमोर गुरम्मा राहते. गुडघे धरल्यापासून ती येळवशीलाही घरीच असते आणि दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघते.

"अय्यो, कोण येणार? आदल्या दिवशी साळा सुटली, मग सामसूम," ती म्हणाली. "एकटी पार्वती तेवढी आल्ती. हणमंतरावाची. शेणखताची पाटी घेऊन. पोरांच्या झाडाला घालते म्हणली. एकदा न्हाई, चार खेपा केल्या बिचारीनं. घरात येळवशीचं एवढं काम असताना! मोठं मन लागतंय त्याला."

"बरोबर आणखी कोणी?"

"कोणी न्हाई. हातात तांब्या बी नव्हता. फाटकावर पोरं नसली की मोठी माणसं कायदा पाळत न्हाईत." ती हसली.

शेणखत मीही पाहिलं होतं. मघाशी बागेत फिरताना काही बुडख्यांशी काळंभोर दिसलं होतं. मी परत जाऊन बघितलं. शेणखत सातच झाडांना होतं, आणि ती सात हीच होती.

शेणखतानं झाड मरत नाही. मी गोंधळून तिथंच उभा होतो, तेवढ्यात सिंधु आणि दोन-चार पोरं खुरपी घेऊन आली.

"अण्णा, आमी एक करायलोय," सिंधु म्हणाली. "एक पिणारं मडकं अन् एक न पिणारं, दोन्ही काढायची. भरायची, भायेरून पुसायची अन् वर्गात चुलीच्या कोरड्या राखेवर ठिवायची. सकाळी राख बघायची."

हे मला सुचायला हवं होतं. मी फक्त म्हणालो, "वर्गाला कुलूप लावा. किल्ली गुरुजींकडं."

४

सकाळी कुलूप काढलं तेव्हा दारात निम्मी शाळा उभी होती.

पिणाऱ्या मडक्याखालची राख काळी पडून तिचा चिखल झाला होता. न पिणाऱ्याखाली सिंधुनं वाकून फुंकर मारली. राख उडून तिच्याच नाकात गेली. ती शिंकली आणि सगळी पोरं ओरडली.

"मडकं बदललंय!"

तसंच होतं. घरातलं मडकं वर्षानुवर्षं वापरलं की त्याची भोकं बुजतात. जुन्या माठातलं पाणी गार होत नाही, ते त्यामुळंच. हे मडकं आमचं कोरं मडकं नव्हतं. मी ते उन्हात नेऊन ओल्या फडक्यानं पुसलं. चिकटलेली माती निघाली आणि पोटावर एक पुसट पांढरा पट्टा वर आला. त्याखाली तांबडा.

चुना आणि काव. बागेतल्या एकाही मडक्याला पोरांनी रंग लावलेला नव्हता.

मी तडक ज्ञानोबा कुंभाराकडं गेलो. त्याचं चाक भिंतीला उभं करून ठेवलेलं होतं.

"औंदा येळवशीला मडकी किती विकलीस?"

"एक बी न्हाई. माती मळायला पाणी कुठंय, अण्णा? पावसाळ्यात साळेला दिली तीच शेवटची भट्टी. बाया आल्या, हात हलवत गेल्या. लोकांनी औंदा पितळी घागरीतच आंबील नेली. देव काय रागवत न्हाई, म्हणलं."

"सगळ्यांनी घागरीत?"

"माझ्याकडं न्हाई तर दुसरीकडं कुठं मिळणार? देवणीपासनं इथवर सगळ्यांची चाकं बंद हायती."

परत येताना मी वाटेतच थांबलो. मला तो येळवशीचा दिवस आठवत होता. हणमंतरावांच्या रानात कोपीपुढं वाळूवर रंगवलेली मडकी ओळीनं मांडलेली. अंगाला घाम सुटलेली. त्यांच्याखालची वाळू ओली झाली होती आणि एक कुत्रं तिथं गारव्याला येऊन बसलं होतं. मी तीन वाट्या प्यालो होतो आणि मला काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

५

बालसभा दुपारी अंगणातल्या जुन्या चिंचेखाली भरली. सभापती होती चौथीतली रत्नम्मा. त्याच वेळी टँकर आला होता, त्यामुळं शाळेच्या भिंतीपलीकडं घागरी घेऊन बायांची रांग होती. आमच्या गावात सभा आणि टँकर एकाच वेळी असले की सभेला गर्दी होते.

हणमंतराव उभे राहिले. "मी काय म्हणतो..."

"हात वर करा," रत्नम्मा म्हणाली. "अन् पाळी आल्यावर बोला."

भिंतीपलीकडून खसखस ऐकू आली. हणमंतरावांनी खरोखर हात वर केला. पण पाळी माझी लावली होती.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी दोन मडक्यांकडं बघत बोललो. त्यांच्याशी बोलणं सोपं होतं.

"झाडं कोणी मारलेली नाहीत. मडकी बदलली गेली. सात कोरी मडकी काढून त्यांच्या जागी सात जुनी पुरली. ती झिरपली नाहीत, म्हणून मुळांना पाणी मिळालं नाही. ज्यानं बदललं त्याला हे सुचलंही नसेल. मडकं ते मडकं, असं त्याला वाटलं असेल."

"पण करायची काय कोरी मडकी?" हणमंतरावांनी विचारलं.

"हात," रत्नम्मा म्हणाली.

"मडकी पिईनात ती येळवशीपासून," मी म्हणालो. "येळवशीला देवापुढं कोरं मडकं लागतं. यंदा कुंभाराकडं एकही नव्हतं. गावात कोरी मडकी फक्त या बागेत होती. जुनी पुरली त्यांच्यावर कधीच्या तरी जुन्या येळवशीचा चुना आहे. उकरलेली माती दिसू नये म्हणून वर शेणखत टाकलं."

"म्हणजे ज्ञानोबानंच परत नेली!"

"त्यानं नेली असती तर त्याच्या दारातून बाया रिकाम्या गेल्या नसत्या."

"तर मग पंढरी! गाडीवाटेचा राग."

"पंढरीला एक मडकं पुरलं असतं, आणि स्वतःच्या नातवाचं झाड त्यानं सोडलं असतं. सात मडकी लागतात ती ज्याच्या रानात पाहुणे जास्त असतात त्याला."

हणमंतरावांचा हात वरच राहिला होता. त्यांनी तो हळूहळू खाली घेतला.

मला तिथंच थांबायचं होतं. नाव घ्यायचं नाही, असं मी ठरवून आलो होतो. पण सिंधुवरचा ठपका अजून तिथंच होता, म्हणून आणखी एक सांगावं लागलं.

"काल सरपंच म्हणाले, पाट्या वाचा. मीही त्या पुन्हा वाचल्या. सिंधुला वरच्या आळीची झाडं मारायची असती, तर तिला मडकं बदलायची गरज नव्हती. पाणी तिच्याच हातात होतं. शिवाय तिच्या वाड्यात येळवशीची पूजा नसते. मडकी नेणाऱ्यानं मात्र पाट्या वाचून निवडली. बौद्धवाड्यातल्या पोरांच्या नावांना हात लावला नाही. हा राग नव्हता. ही मडकी देवापुढं मांडायची होती. ज्या पाट्यांवरून आपण सिंधुला धरलं, त्याच पाट्या सांगतात की हे तिनं केलेलं नाही."

टँकरच्या नळीतून पाणी पडत होतं तेवढाच आवाज.

"अण्णा, नाव घ्या," हणमंतराव म्हणाले. आवाज चढा नव्हता.

"ते कशाला घेतील?" भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. "मी नेली."

पार्वतीबाईंनी घागर खाली ठेवली आणि त्या फाटकापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत.

"तुमी दोन जीपा पाव्हणे बोलावले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "देवापुढं काय पितळ मांडू? मागितली असती, पण मागायची कोणाला? तुमीच घरात म्हणत होता, त्या पोरीपुढं हात पसरायची येळ आली का सरपंचावर. मग शेणखताखाली झाकून बदली मडकी आणून ठिवली. आत पाणी होतं ते बी तसंच ओतलं, थेंब सांडला न्हाई. झाडं मरतील हे मला देवाशप्पथ ठाऊक नव्हतं. अन् मेल्यावर बोलायला तोंड राहिलं न्हाई."

हणमंतरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

तेव्हा सिंधु उठली. तिनं हात वर केला, रत्नम्मानं मान हलवल्यावरच बोलली.

"काकू, पाट्या पोरांच्या हायत्या. पण पाणी सगळ्या मडक्यांत मीच भरते. तुमी नेली ती बी मीच भरलेली होती. पहिल्या दिवसापासनं."

ती टोमणा मारत नव्हती. तिला वाटलं, हिशोबात एक गोष्ट राहून गेली आहे.

भिंतीमागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पार्वतीबाई सिंधुकडं बघत राहिल्या. दोन जीपा पाहुणे, सरपंच, पांडव आणि मी, सगळ्यांनी त्या मडक्यांतलं घेतलं होतं, आणि आंबील गार होती.

बालसभेनं सिंधुला कायम ठेवलं. मतं मोजायची वेळ आली नाही. पोरांनी दोन्ही हात वर केले. साहेबांना मेलेली झाडं दाखवायची की झाकायची, यावर थोडा वाद झाला. सिंधु म्हणाली, "ती बी दाखवायची. राखेवरची दोन मडकी बी. न्हाईतर त्यांना कळणार कसं की आपली जित्ती कशानं हायती?" व्यंकट गुरुजींनी वहीसाठी खिसे चाचपले आणि मग तसंच लक्षात ठेवलं. हातपंप त्याच उन्हाळ्यात बसला.

संध्याकाळी पार्वतीबाई कोरी मडकी परत घेऊन आल्या. चुना-काव घासून काढलेली, डोक्यावर पाटी, मागं हणमंतराव दुसरी पाटी घेऊन. सरपंचांच्या डोक्यावर ओझं गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फाटकात सिंधु उभी होती, आणि जरा मागं नागुबाई, कामावरून आलेली, हातावर खडीची पांढरी धूळ.

"तांब्या?" सिंधुनं विचारलं.

मला वाटलं, आता पाटी खाली आदळणार. पार्वतीबाईंनी ती सावकाश उतरवली, मागं वळल्या आणि अख्ख्या आळीतून घरी गेल्या. आल्या तेव्हा हातात काठोकाठ भरलेला पितळी तांब्या होता. तो त्यांनी जमिनीवर ठेवला नाही. सिंधुच्या हातात दिला.

तोवर पोरांनी पहिलं मडकं पुरलं होतं, जिचं मडकं राखेवर ठेवायला काढलं होतं त्या जिवंत चिंचेशेजारी. सिंधुनं ते भरलं आणि तांब्या परत केला.

"काकू, घोटभर उरलंय. मडकं भरलं. बागेत सांडायचं न्हाई, कायदा हाय."

पार्वतीबाईंनी तांब्यात पाहिलं. ओट्यावरून गुरम्मा बघत होती, भिंतीशी बाया उभ्या होत्या, हणमंतराव दुसऱ्याच एका पाटीवरचं नाव वाचत होते. टँकर आता परवाशिवाय येणार नव्हता.

त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पिऊन टाकलं.

"उद्या किती वाजता यायचं गं?" तोंड पुसत त्यांनी विचारलं.

"सातला," सिंधु म्हणाली. "तांब्या आणा."